बागेची रचना व मनाची विश्रांती

बागेत फुले किती, यापेक्षा ती मांडली कशी, यावर मनाची विश्रांती अवलंबून असते. पुण्याच्या पु. ल. देशपांडे उद्यानाची रचना जपानातील ओकायामा येथील कोराकुएन बागेच्या धर्तीवर आहे. तेथे पाणी वळणे घेत वाहते, वाटही वळते. चालणाऱ्याची पावले आपोआप मंदावतात.

दृष्टीस पडणाऱ्या हिरवळीचा शरीरावरही परिणाम होतो. अमेरिकन संशोधक रॉजर उल्रिच यांनी सन १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडे पाहणाऱ्या २३ रोग्यांस, विटांची भिंत पाहणाऱ्या २३ जणांहून तीव्र वेदनाशामके कमी लागली. ते घरीही लौकर गेले.

आमच्या शिरड शहापुरास उन्हाळ्यात वाहते पाणी कोठून आणावे? तथापि आजाऱ्याची खाट ज्या खिडकीशी असते, तिच्यासमोर थोड्या अंतरावर कडुनिंब लावता येईल. मुळे खोल गेली म्हणजे त्यास पाण्याची फारशी अपेक्षा नसते. फुलझाडे मागाहून लावावीत.