आवाजाचे आकडे

आमच्या जासईत आगरी लग्नांत धवलारणी धवले गातात. माझी आजी त्यांतलीच; आता तिचा गळा थकला आहे. तिचा जुना आवाज वाजवणारा प्रोग्रॅम मी लिहिला, पण कॉलेजच्या संगणकावर तो मुकाच! आवाजाची फाईल घरी राहिली होती.

उपाय सोपा निघाला. संगणकात आवाज म्हणजे आकडेच. साध्या ध्वनिमुद्रणात सेकंदाला ८००० आकडे, प्रत्येक ० ते २५५ मधला. दहा सेकंदांचे ८०,०००! दुसऱ्या छोट्या प्रोग्रॅमकडून ते स्वल्पविरामांसह मूळ प्रोग्रॅमच्या मजकुरातच यादीसारखे लिहवून घ्यायचे. प्रोग्रॅम फुगतो खरा. पण फाईल मागे राहत नाही.

आकड्यांनी भरलेला पडदा पाहून निरक्षर आजीने विचारले, "यात मी कुठे?" मी प्रोग्रॅम चालवला. ती ऐकतच राहिली.