हिंग, कांदा आणि हिस्टेरिया

लहानपणी शेजारच्या वहिनींची दातखिळी बसली की आम्ही पोरं कांदा आणायला धावायचो. कुणीतरी तो बुक्कीने फोडून त्यांच्या नाकाशी धरायचं. कांदा नसला तर चप्पल. प्राचीन ग्रीसमधले वैद्यही अशा बाईला घाणेरडा वासच हुंगवत, पण त्यांच्याकडे त्याचं कारण तयार होतं.

ग्रीकमध्ये 'हिस्टेरा' म्हणजे गर्भाशय. आपल्या बायका जिला नुसतं 'पिशवी' म्हणतात ती. पिशवी काढण्याच्या ऑपरेशनला डॉक्टर 'हिस्टरेक्टॉमी' म्हणतात, तेही याच शब्दावरून. समजूत अशी, की रिकामी राहिलेली पिशवी जागा सोडून अंगभर हिंडते, वर चढते आणि श्वास कोंडते. प्लेटोने 'तिमायस'मध्ये तिला मुलासाठी आसुसलेला जीवच ठरवलंय. म्हणून नाकाशी दुर्गंध आणि खालून सुगंधी धुरी: वरून पळवायची, खालून बोलवायची! आपल्या फोडणीतला हिंग युरोपात १९व्या शतकातही हिस्टेरियावर दिला जात होता. आणि सगळ्यांत रामबाण औषध? लग्न. हे मात्र आपल्याला काही नवीन नाही.

हिस्टेरियाला आपण 'उन्माद'ही म्हणतो, पण संस्कृतातल्या 'उन्मादा'त असा कुठला अवयव नाही. त्याच्या मुळाशी आहे तो 'मद', डोक्यात चढणारा. चरकाने त्याचे पाच प्रकार केले ते वात, पित्त, कफ, सन्निपात आणि आगंतु कारणांवरून. त्यात पुरुषाला सूट नाही.

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को या डॉक्टरने हिस्टेरिया पिशवीतून काढून मज्जासंस्थेत नेला, पुरुषांनाही तो होतो हे दाखवलं. तरी १८८७च्या ब्रूइयेच्या गाजलेल्या चित्रात व्याख्यान ऐकणारे सगळे कोटवाले पुरुष, आणि शार्कोशेजारी, सहायकाच्या हातावर मागे कलंडलेली रुग्ण बाईच.

१९८०मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या निदानपुस्तिकेत या जुन्या निदानाची मोडतोड करून त्याला नवी नावं दिली. ऑफिसात मात्र ते शाबूत आहे. साहेबांनी टेबलावर हात आपटला तर साहेब 'तापलेत', मॅडमचा आवाज चढला तर मॅडम 'हिस्टेरिकल'.

शार्कोकडे शिकून आलेल्या तरुण फ्रॉइडने १८८६मध्ये व्हिएन्नात पुरुषांच्या हिस्टेरियावर भाषण दिलं. पुढे असे रुग्ण शोधताना एका म्हाताऱ्या सर्जनने त्याला काय ऐकवलं, ते त्याने आत्मवृत्तात नोंदवलंय: अहो, शब्दाचा अर्थच गर्भाशय, मग पुरुषाला तो होईल कसा?