कपभर पाणी, साडेबारा हजार टँकर

फवारणी आटोपली की पंप ओढ्यावर नेऊन धुतात. टाकीच्या तळाला कपभर औषधाचं पाणी उरलेलं असतं. ते ओतलं की प्रवाहात दुधासारखी रेघ उमटते, दगडाला वळसा घालते आणि वावभर अंतरात दिसेनाशी होते. दिसेनाशी झाली म्हणजे संपली, असं आपण धरून चालतो.

हिशोब मांडून पाहू. कपाशीवरचं ओळखीचं औषध सायपरमेथ्रिन. हेक्टरी 500 लिटर पाण्यात 50 ग्रॅम धरलं, तर तळाच्या 100 मिलीलिटरमध्ये ते असतं फक्त 10 मिलिग्रॅम. चिमूटभर मीठसुद्धा याहून कितीतरी जास्त भरेल. नदी-तळ्यांसाठी युरोपीय संघाने 2013 साली ठरवलेली वार्षिक सरासरीची मर्यादा आहे लिटरला 0.08 नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. त्या 10 मिलिग्रॅमला इतकं विरळ करायला साडेबारा कोटी लिटर स्वच्छ पाणी लागेल: दहा हजार लिटरचे 12,500 टँकर! एकामागे एक उभे केले तर रांग पुण्याहून साताऱ्याच्या जवळपास पोचेल. आणि हेक्टरभराचे सगळे 50 ग्रॅम? त्यांना 22 टीएमसी. पुण्याला पाणी देणारी चारही धरणं काठोकाठ भरली तरी साठा 29 टीएमसीच्या आसपास.

सगळं औषध पाण्यात राहत नाही हे खरं. बरंचसं गाळाला चिकटतं. पण ओढ्याचा संसार गाळातच तर आहे. तळाचा दगड उलटून पाहा: वाळूचे कण एकेक चिकटवून स्वतःभोवती नळी बांधणारी अळी दिसेल, चतुराचं पिल्लू दिसेल. बोंडअळीच्या मज्जातंतूंतली सोडियमची दारं हे औषध उघडीच ठेवतं. तीच दारं या जिवांतही आहेत. कोणती अळी कपाशीवरची आणि कोणती ओढ्यातली, हे औषधाला कुठून कळणार?

डीडीटीही त्याच दारांवर घाव घालतं. जून 1954 मध्ये कॅनडातल्या मिरामिची नदीच्या खोऱ्यात, झाडं खाणाऱ्या अळीसाठी विमानांतून एकरी अर्धा पौंड डीडीटी फवारलं गेलं. दोन दिवसांत काठाला मेलेले मासे लागले. सॅमनच्या पिल्लांचं खाद्य असलेले पाण्यातले किडेही मेले. ऑगस्टमध्ये नदीच्या वायव्य शाखेत शोध घेतला, तेव्हा त्या वसंतात जन्मलेलं सॅमनचं एकही पिल्लू सापडलं नाही.