जालन्यात शेत घेऊन राहायचे आहे? मग मे महिन्यातली विहीर पाहा

शहरातली नोकरी सोडून चार-पाच एकर घ्यायचे, धान्य-भाजीपाला-दूध घरचेच ठेवायचे आणि पुन्हा टाळेबंदीसारखे काही आले तरी दार लावून निवांत राहायचे, असा बेत 2020 नंतर अनेक मराठी घरांत होऊ लागला. समृद्धी महामार्ग झाल्यापासून त्यात जालन्याचेही नाव निघते आणि निघाले की दोन मते लगेच ऐकू येतात. 'तो दुष्काळी जिल्हा, तिथे काय पिकणार?' हे एक, आणि 'बोअर खोल घेतला की झाले' हे दुसरे. दोन्ही चुकीची आहेत. पाणी किती पडते किंवा किती खोल खणले यावर सगळे ठरते, या एकाच समजुतीतून दोन्ही आली आहेत. या काळ्या पाषाणाच्या पठारावर प्रश्न पाणी साठण्याचा आहे, आणि ते साठणे एकट्याच्या बांधापुरते नसते.

जालन्याचा सरासरी पाऊस साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास. हा आकडा वाळवंटाचा नव्हे, पण तो फसवा आहे. पाऊस थोड्या दिवसांत कोसळतो, मध्ये तीन-तीन आठवड्यांचा खंड पडतो आणि 2012 सारख्या वर्षी सरासरीला काही अर्थच उरत नाही. त्या दुष्काळात भौगोलिक मानांकन मिळण्याइतकी नावाजलेली इथली मोसंबी उभ्या बागांसह वाळली. याच जिल्ह्यातल्या कडवंचीत मात्र 1996 ते 2002 या काळात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने इंडो-जर्मन कार्यक्रमातून माथा ते पायथा पाणलोटाचे काम केले, आणि एरवीच्या कोरडवाहू गावात द्राक्षबागा आल्या. यावर 'एका गावाचे काय सांगता?' असा आक्षेप येतो आणि तो अगदीच पोकळ नाही. कडवंचीच्या मागे संस्था होती, निधी होता, राबणारे गाव होते. शिवाय विहिरीचे पाणी उपसून प्लॅस्टिकच्या शेततळ्यात भरले, तर जमिनीतले सामाईक पाणी खासगी होते आणि उन्हात उडूनही जाते. पण या आक्षेपातून निघते तेही हेच, की जिल्ह्याच्या नावावरून निकाल लावता येत नाही. दक्षिणेत अंबड-घनसावंगीकडे पैठणचा डावा कालवा आणि गोदावरीवरचे बंधारे आहेत. उत्तरेत भोकरदन-जाफराबादकडे पूर्णा आणि तिला मिळणाऱ्या नद्या आहेत, पण तसा कालवा नाही. एका तालुक्याला लागू पडणारे दुसऱ्याला पडत नाही.

बोअरवरचा विश्वास तर जास्तच महाग पडतो. इथल्या काळ्या पाषाणात, म्हणजे बसाल्टमध्ये, पाणी राहते ते वरच्या मुरमाड, झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत. खाली अखंड खडक लागला की खोली वाढते तसा खर्च वाढतो, पाणी वाढेलच असे नाही. आणि लागले तरी ते तुमच्या सातबाऱ्यापुरते थांबत नाही. शेजाऱ्याची मोटर त्याच भेगेतून ओढत असते. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्याने शेती आणि उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा, खोल विहिरी घेण्यास मनाई केली आहे. ती किती पाळली जाते हे रस्त्याने फिरणाऱ्या बोअरच्या गाड्याच सांगतील.

मग घरापुरते काय जमते? हिशेब करू. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटर छपरावर साडेसहाशे मिलिमीटर पडला तर 65 हजार लिटर. गळती-वाफ वजा जाता 50 हजार धरा. माणशी रोज 55 लिटर या सरकारी निकषाने पाच माणसांना वर्षाला लाखभर लिटर लागतात, म्हणजे छप्पर निम्मीच गरज भागवते. पण फक्त पिण्या-स्वयंपाकाला माणशी दहा लिटर धरले, तर ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचे आठ महिने बारा हजार लिटरमध्ये निघतात. निम्म्या पावसाच्या वर्षीही हे जमते. पंधरा हजार लिटरची झाकलेली पक्की टाकी बांधणे मला तरी दुसऱ्या बोअरपेक्षा शहाणपणाचे वाटते. जनावरे आणि भाजीपाला मात्र यात बसत नाहीत.

धान्याचीही अशीच एक भूल आहे. चारी बाजूंना हिरवे दिसते म्हणून जिल्हा स्वयंपूर्ण वाटतो, पण ते हिरवे बव्हंशी कापूस आणि सोयाबीन असते. कापूस खाता येत नाही. पाच माणसांना वर्षाला सुमारे सात क्विंटल धान्य लागते. कोरडवाहू रब्बी ज्वारी एकरी चार क्विंटल धरली, तर बऱ्या वर्षी दोन एकर पुरतात, वाईट वर्षी पुरत नाहीत. म्हणून जुने लोक पेवात आणि कणगीत पुढच्या वर्षाचे धान्य ठेवत. 'बाजार आहे की' हे उत्तर रोजच्या दिवसाला ठीक आहे, पण तयारी करायची ती बाजार बंद पडलेल्या दिवसासाठी. त्यात जालना ही बियाण्यांची राजधानी म्हणवते. पण संकरित बी दरवर्षी विकतच आणावे लागते. घरचे बी धरायचे असेल तर मालदांडीसारखे सरळ वाण हवे. 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली इथली दगडी ज्वारीही ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आणखी एक समज म्हणजे इथे धोका दुष्काळाचाच. पण सप्टेंबर 2025 मध्ये पैठणच्या नाथसागर जलाशयातून दोन लाख क्युसेकहून अधिक पाणी सोडावे लागले आणि गोदाकाठच्या गावांत ते शिरले. 11 फेब्रुवारी 2018 च्या गारपिटीने ऐन रब्बीची पिके झोपवली, माणसेही दगावली. वीज पडणे तर दरवर्षीचेच. घराची जागा निवडताना शेताची 'काळी' आणि वस्तीची 'पांढरी' हा जुना भेद पाळावा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि साध्या पायाला तडे देते. गावठाणे पांढरीवर वसली ती उगाच नाही.

कागदाचे थोडक्यात. मराठवाड्यात हैदराबाद कुळवहिवाट कायदा लागू आहे आणि शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सरळ विकत घेता येत नाही. 'दोन गुंठ्यांत फार्महाऊस' म्हणणाऱ्या जाहिरातीला तुकडेबंदीचा कायदा आडवा येतो.

जमीन पाहायला पावसाळ्यानंतर जाऊ नका. तेव्हा सगळेच शिवार देखणे असते. मे महिन्यात जा, शेजारच्या तीन विहिरींत डोकावा आणि 2013 व 2024 च्या उन्हाळ्यात गावात टँकर येत होता का, हे ग्रामपंचायतीत विचारा. दोन्ही वर्षी येत होता असे उत्तर मिळाले, तर इसार देऊ नका.