कबाबाचे दुकानही कापडासारखेच पारखावे

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीहून मुंबईत येणारे आमचे व्यापारी बांधव मंगळदास आणि मुळजी जेठा मार्केटातले व्यवहार आटोपले की एक प्रश्न हमखास विचारतात, "चांगले सीख कबाब कुठे मिळतील?" नागपाड्याचे सर्वी आणि ताज हॉटेलमागचे, 1946 साली सुरू झालेले बडे मियाँ ही नावे सर्वांना पाठ आहेत. पण बाजाराजवळचे साधे दुकान शोधायचे तर नावावर भागत नाही. माल पारखावा लागतो.

आम्ही पाटी वाचत नाही, हमालांना आणि हातगाडीवाल्यांना विचारतो. घामाच्या पैशाने खाणारा माणूस वाईट दुकानात दुसऱ्यांदा जात नाही. मग सिगडी पाहतो. कोळशावर पांढरी राख धरलेली असावी, ज्वाळा नसावी. ज्वाळेवर कबाब बाहेरून करपतो आणि आतून कच्चा राहतो. सीख गिऱ्हाईक आल्यावर चढावी, भाजून ठेवलेली पुन्हा गरम केलेली नसावी.

शेवटी खिमा. कापडाला जादा खळ दिली की वजन भरते, पण पहिल्या धुलाईत पोत उघडा पडतो. कबाबात चण्याचे पीठ म्हणजे ती खळच. चांगला कारागीर खिमा बारीक करतो, चरबीचे प्रमाण राखतो, म्हणून तो सीखेला आपोआप धरतो. एका झगमगीत हॉटेलात आम्ही लालभडक कबाब खाल्ले. रंग बोटांना लागला, तोंडात पीठ आले आणि बिल दुप्पट झाले. तेव्हापासून लाल रंग दिसला की आम्ही पुढे चालू लागतो.

या कारागिरांवर अलीकडे दोन ओझी आली. 2015 च्या कायद्याने राज्यात बैलाचे मांस बंद झाले आणि सीखवाल्यांना म्हशीच्या मांसावर यावे लागले. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत इंधन बदलण्यास सांगितले, आणि महापालिकेने हॉटेले व तंदूरवाल्यांनाही नोटिसा दिल्या. शहराची हवा सर्वांची आहे, हे आम्ही मान्य करतो. पण नवी शेगडी छोट्या दुकानदाराला फुकट मिळत नाही.

म्हणून बांधवांना एक विनंती. गॅस दिसला म्हणून दुकानाकडे पाठ फिरवू नका. चरबी तापलेल्या लोखंडावर पडली तरी धूर होतो आणि कबाबाला थोडा वास लागतोच. चव मुख्यतः खिम्यात आणि हातात असते. शेगडीच्या खर्चापायी इमानदार माणसाने सीखेमागे दोन रुपये वाढवले तर घासाघीस करू नका. आपल्या मालाचा योग्य भाव आपण मागतो, तसा त्याच्या हलाल मेहनतीचाही द्यावा. नाहीतर उद्या खिमा कमी आणि खळ जास्त, असेच कबाब उरतील.