एक लाख अठ्ठेचाळीस हजार तीनशे पासष्ट



समजा, पंधरा जणींच्या बचत गटाची बँकेतली शिल्लक आहे १,४८,३६५ रुपये. सहा आकडी संख्या दिसली की पुष्कळजणी वही खजिनदार बाईंकडे सरकवतात. आज आपण तिच्याशी थोडी ओळख करून घेऊ.

तिचे अंक मिळवा. एक, चार, आठ, तीन, सहा, पाच मिळून झाले २७. सत्तावीसला तीनाने भाग जातो, म्हणून सगळ्या संख्येलाही जातो. शेवटी पाच आहे, म्हणजे पाचानेही जातो. तीन आणि पाच या दोन्हींनी भाग जातो, तर पंधरानेही जाणारच. प्रत्येकीच्या वाट्याला बरोबर ९,८९१ रुपये, बाकी शून्य.

सत्तावीसला नवानेही भाग जातो, म्हणून या संख्येलाही जातो. असं का? दहा म्हणजे नऊ अधिक एक, शंभर म्हणजे नव्व्याण्णव अधिक एक, हजार म्हणजे नऊशे नव्व्याण्णव अधिक एक. नवाचे सगळे गठ्ठे बाजूला काढले की हातात उरते फक्त अंकांची बेरीज.

आता खरी कामाची गोष्ट. वहीत शिल्लक निघाली १,८४,३६५. बँकेपेक्षा ३६,००० जास्त! लगेच कुजबुज सुरू होते, ‘पैसे गेले कुठे?’ थांबा. छत्तीस हजारांना नवाने भागा. आले ४,०००. अंकांची जागा बदलली तर दोन संख्यांतला फरक नेहमी नवाच्या पटीत येतो. इथे चार हजार आले, म्हणजे हजाराच्या आणि दहा हजाराच्या जागेवरचे, चाराचा फरक असलेले दोन अंक तपासायचे. तिथे आहेत चार आणि आठ. उलटे पडलेत!

आपल्या मराठीत ही चूक सहज होते. ‘अठ्ठेचाळीस’ म्हणताना आठ आधी ऐकू येतो, पण लिहायचा असतो चार आधी.

याच नवाच्या गुणाशी देवळालीचे गणितशिक्षक द. रा. कापरेकर यांच्या ६१७४ या संख्येचं नातं आहे. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येते. सहा, एक, सात, चार मिळवा. झाले अठरा, पुन्हा नवाच्याच पटीत.

मात्र एक लक्षात ठेवा. फरक नवाच्या पटीत आला म्हणजे अंकच उलटे पडले, असं ठरत नाही. एखादं शून्य जास्त पडलं तरी फरक तसाच येतो. म्हणून पावत्या पाहायच्याच. आणि फरकाला नवाने भाग गेला नाही, तर राहिलेली नोंद किंवा बँकेने कापलेले पैसे शोधा.

आमचं सांगणं इतकंच : हिशेबात फरक आला तर बाईवर बोट ठेवण्याआधी तो फरक नवाने भागून पाहा. पेन्सिल आणि दोन मिनिटं लागतात. विश्वास उभा करायला मात्र वर्षं लागतात.