चांदबिबीचा तह

२०२५ सालच्या मे महिन्याची दहावी तारीख. तिन्हीसांजेची वेळ होती. देवाजवळ दिवा लागला होता, आणि आमच्या ओटीवर मात्र जोराचें भांडण पेटलें होतें. २२ एप्रिल रोजीं पहलगाम येथें २६ निरपराध माणसें मारलीं गेलीं. त्यांत आपल्या महाराष्ट्रांतील सहा जण होते. ७ मे रोजीं आपल्या सैन्यानें सीमेपलीकडील दहशतवाद्यांच्या तळांवर प्रहार केला, आणि दहा तारखेस शस्त्रसंधि झाल्याची वार्ता आली. आमचे पुतणे संतापून म्हणाले, "आतां थांबा म्हणणारे सगळे फितूर!" आमच्या धाकट्या सूनबाईंचे बंधु रणगाडादळांत आहेत व त्या वेळीं सीमेवर होते. त्या स्वयंपाकघराच्या दारांत उभ्या होत्या. आपला भाऊ आतां सुखरूप परत येईल एवढेंच त्या बिचारीनें नुकतें म्हटलें होतें. तो शब्द ऐकतांच त्या मुकाट्यानें आंत गेल्या.

मीही त्या वेळीं कांहीं बोललों नाहीं. परंतु 'फितूर' या शब्दानें मला आमच्याच गांवची एक जुनी गोष्ट आठवली. पुढच्या रविवारीं पुतण्यास व नातवंडांस घेऊन मी पाथर्डीच्या वाटेवरील शहाडोंगरावर गेलों. तेथील अष्टकोनी, तीन मजली इमारतीस लोक 'चांदबिबीचा महाल' म्हणतात. वस्तुतः ती सलाबतखान या निजामशाही मंत्र्याची कबर आहे. पण लोकांनीं तिला चांदबिबीचें नांव द्यावें, यांतच त्या स्त्रीविषयींचा आदर दिसून येतो. तेथून सारें नगर नजरेखालीं येतें. २०२४ सालीं त्याचें नांव अहिल्यानगर झालें, तरी आम्हां म्हाताऱ्यांच्या तोंडीं अजून 'नगर'च येतें.

सन १५९५ मध्यें निजामशाहीच्या गादीवर कोणीं बसावें, याविषयीं दरबारांत तट पडले होते. मियां मंजू या सरदारानें प्रतिपक्षास दाबण्यासाठीं गुजराथेंतून अकबराचा पुत्र मुराद यास बोलावून घेतलें. घरच्या भांडणांत परक्यास पंच केल्याचें फळ लौकरच मिळालें. मुराद आला तो राज्य घेण्याच्या इराद्यानेंच. अशा वेळीं हुसेन निजामशहाची कन्या व विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा चांदबिबी हिनें अल्पवयी बहादुराच्या नांवानें किल्ल्याचीं सूत्रें हातीं घेतलीं. मोंगलांनीं तटाखालीं सुरुंग पेरले. आंतील लोकांनीं त्यांतील कांहीं शोधून निकामी केले, तरी एक उडालाच, आणि तटास मोठें खिंडार पडलें. चांदबिबी तरवार घेऊन स्वतः तेथें उभी राहिली. हल्ला परतला, आणि रात्रींत खिंडार बुजविलें गेलें.

एवढी कथा मीं वर्गांत शेंकडों वेळां रंगवून सांगितली आहे. तिच्या पुढचें प्रकरण मात्र मी दोन वाक्यांत उरकीत असें, याची आतां खंत वाटते. कारण खरा धडा त्या पुढच्या प्रकरणांतच आहे.

शत्रूस मागें रेटल्यावर चांदबिबीनें त्याच्याशीं तह केला. विजापूर व गोवळकोंडें येथील फौजा तिच्या मदतीस निघाल्या होत्या. मुरादाची रसद तुटत चालली होती, आणि त्याचें व खानखानानाचें पटत नव्हतें. तरीही आंतील माणसें थकलेलीं होतीं, हें ती जाणून होती. १५९६ च्या आरंभीं असें ठरलें कीं, वऱ्हाड मोंगलांस द्यावें, बहादुरास निजामशहा मानावें व वेढा उठवावा. कौटिल्यानें राजनीतीचे जे सहा गुण सांगितले, त्यांत पहिला संधि आहे. युद्धानें व संधीनें सारखाच लाभ होत असेल तर संधि पत्करावा, कारण युद्धांत माणसांचा क्षय व द्रव्याचा व्यय होतो, असें त्याचें मत. चांदबिबीनें एक प्रांत देऊन राज्य राखलें. यास भित्रेपणा कोण म्हणेल?

पण तो तह टिकला नाहीं. वऱ्हाडाची सीमा कोठवर, याविषयीं वाद माजला. मोंगलांनीं पाथरीकडे हात पसरले. आणि १५९७ सालीं गोदावरीच्या कांठीं पुन्हां मोठी लढाई झाली. इकडे नगरच्या सरदारांत एकवाक्यता नव्हतीच. १६०० सालीं शहाजादा दानियाल वेढा घालून बसला, तेव्हां किल्ला सोडून बालराजासह जुन्नरास निघून जावें, असा विचार चांदबिबीनें बोलून दाखविला. दरबारांतील एका अधिकाऱ्यानें ती मोंगलांस फितूर झाल्याची आवई उठविली. जमाव महालांत शिरला आणि ज्या बाईनें खिंडार राखलें तिलाच त्यानें ठार केलें. थोड्याच दिवसांत किल्ला पडला, आणि बहादुराची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेंत झाली. बाहेरच्या शत्रूपेक्षां आंतला कोप अधिक घातक, असें कौटिल्य म्हणतो तें किती खरें!

पुतण्या म्हणाला, "काका, चांदबिबीच्या समोर सैन्य होतें. दहशतवादी तर चोरून मारतो. त्याच्या पाठीराख्यांशीं बोलायचें तरी कशाला?" प्रश्न रास्त होता. मी त्यास म्हणालों, "बाबा, तो केव्हां मारतो, हें पाहा." २००८ च्या २६ नोव्हेंबरास मुंबईवर हल्ला होऊन १६६ माणसें मेलीं, त्या दिवशीं पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री बोलणीं करण्यास दिल्लींत आलेले होते. २०१५ च्या डिसेंबरांत आपले पंतप्रधान लाहोरास जाऊन आले, आणि आठ दिवसांच्या आंत पठाणकोटच्या विमानतळावर हल्ला झाला. बोलणीं मोडावीं आणि आपण आपसांत एकमेकांवर संशय घ्यावा, हाच अशा हल्ल्यांचा हेतु असतो. म्हणून हल्लेखोरास दंड हा केलाच पाहिजे. तेथें दयामाया नको. परंतु कोणाशीं, केव्हां व कोणत्या अटींवर बोलावें, हें आपण ठरवावें. तें त्यानें ठरवूं नये.

मग मीं त्यास परदेशची दोन उदाहरणें सांगितलीं. इजिप्तचे अध्यक्ष सादात यांनीं १९७९ सालीं इस्रायलशीं तह केला, आणि १९८१ सालीं त्यांच्याच सैन्यांतील माणसांनीं त्यांस गोळ्या घातल्या. इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांनीं १९९३ सालीं पॅलेस्टिनी पुढाऱ्यांशीं करार केला, आणि १९९५ सालीं शांततेसाठीं भरलेल्या सभेनंतर त्यांच्याच एका देशबांधवानें त्यांचा खून केला. दोघेही घरच्याच हातांनीं मेले. पण सादातांचा तह टिकला आणि राबिनांचा करार पुढें विसकटला. माझ्या मतें याचें एक कारण हें कीं, पहिल्या तहांत सीमा व मुदत स्पष्ट होती. ठरल्याप्रमाणें १९८२ सालीं सिनाई परत मिळालें. दुसऱ्यांत सर्वांत अवघड प्रश्न पुढें ढकललेले होते. जेथें अट मोघम राहते तेथें संशय शिरतो, आणि संशयाच्या मागोमाग खुनी येतो. चांदबिबीच्या तहाचें पाथरीवर हेंच झालें.

पुतण्या बराच वेळ किल्ल्याकडे पाहत राहिला. पुढें म्हणाला, "काका, शस्त्रसंधि मला अजूनही पटलेला नाहीं." मी म्हणालों, "न पटो. तूं तसें मोठ्यानें सांग. तो तुझा हक्क आहे. फक्त ज्यांस पटला त्यांस फितूर म्हणूं नकोस."

घरीं आल्यावर तो सरळ स्वयंपाकघरांत गेला. तेथें काय बोलणें झालें तें मला ठाऊक नाहीं. पण रात्रीं पानें वाढतांना सूनबाईंनीं त्याच्या ताटांत आग्रहानें दुसरी पोळी वाढली, आणि त्यानें "तुमच्या भावाचा फोन आला का?" असें विचारलें. माझ्या वाचकांच्या ओटीवरही असे वाद होत असतील. ते अवश्य व्हावेत. पण आपल्याच माणसास फितूर म्हणण्यापूर्वीं नगरच्या किल्ल्यांतील त्या जमावाची एकदां आठवण करावी, एवढीच या वृद्ध शिक्षकाची विनंति आहे.